शस्त्रधाऱ्यानें मत मागावें काय?

ज्याच्या घरीं तोफा आहेत त्यानें मतदाराच्या दारीं जाऊन मत मागावें काय, असा प्रश्न केला असतां बहुतेक सुशिक्षित मनुष्य 'मागूं नये' असें तत्काळ उत्तर देईल. उत्तर बरोबर आहे. परंतु त्याचें कारण विचारलें म्हणजे जें सांगण्यांत येतें तें बहुधा अपुरें असतें. बंदूक पाहून मतदार भितो, भिऊन मत देतो, आणि भयानें दिलेलें मत तें मतच नव्हे, असें तें कारण. एवढेंच खरें असतें तर प्रश्न फार सोपा झाला असता. मतदानाच्या दिवशीं ठिकठिकाणीं चोख पहारा ठेवला कीं तो सुटता. परंतु सशस्त्र पक्ष जेथें निवडणुकी लढवितात तेथें वारंवार असें दिसून येतें कीं, त्यांस मत देणारा मनुष्य मुळींच भ्यालेला नसतो. तो पहाटे उठतो, म्हाताऱ्या आईस हात धरून नेतो, आणि मत देऊन मोठ्या अभिमानानें घरीं येतो. मग दोष कोठें राहिला? दोष आहे ह्याविषयीं आमच्या मनांत संशय नाहीं. तो नेमका कोठें आहे हें शोधण्यासाठीं आम्ही लेबनॉन देशाचें उदाहरण घेतों. परकीयांचा पैसा, परकीयांचीं सैन्यें आणि देशांतल्या सशस्त्र टोळ्या ह्या तिन्हींचा अनुभव निवडणुकींच्या संबंधांत इतका दीर्घकाळ दुसऱ्या कोणत्याहि लहान देशानें घेतला असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

हा देश क्षेत्रफळानें आमच्या पुणें जिल्ह्याहूनहि लहान. पण त्यांत कायद्यानें मान्य झालेले पंथ अठरा. मारोनी ख्रिस्ती, सुन्नी, शिया आणि द्रूझ हे त्यांतले प्रमुख. १९४३ सालीं फ्रेंचांच्या हातून राज्य सुटत असतां मारोनी पुढारी बिशारा अल् खूरी आणि सुन्नी पुढारी रियाद अल् सोल्ह ह्यांनीं आपसांत एक करार केला. तो कागदावर कधींच उतरला नाहीं, तरी राष्ट्रीय करार ह्या नांवानें तो इतिहासांत प्रसिद्ध आहे. अध्यक्ष मारोनी असावा, मुख्य प्रधान सुन्नी असावा, सभापति शिया असावा अशी वहिवाट पडली; कायदेमंडळांत मुसलमान व द्रूझ मिळून पांच तर ख्रिस्ती सहा असें प्रमाण ठरलें. हें प्रमाण १९३२ च्या खानेसुमारीवर आधारलेलें. आणि त्यानंतर त्या देशांत खानेसुमारी झालीच नाहीं, कारण माणसें पुन्हा मोजलीं तर वांटणीहि पुन्हा करावी लागेल, ही धास्ती सर्वांस. जागा पंथवार राखलेल्या, मतदारसंघ मात्र संयुक्त. म्हणजे शियांच्या जागेसाठीं त्या भागांतील ख्रिस्त्यानेंहि मत द्यावयाचें. पुणें करारानें आमच्याकडे जी पद्धत आली तिच्याच कुळांतली ही.

परंतु कराराचा प्राण जागांच्या वांटणींत नव्हता. ख्रिस्त्यांनीं फ्रान्सच्या संरक्षणाची अपेक्षा सोडावी आणि मुसलमानांनीं सीरियाशीं एकजीव होण्याची मागणी सोडावी, असें जें परस्परांस वचन दिलें गेलें तोच त्याचा प्राण. दोन नकार मिळून राष्ट्र होत नाहीं, अशी ह्या वचनाची थट्टा जॉर्ज नक्काश नांवाच्या तेथील पत्रकारानें १९४९ सालीं केली. थट्टा मार्मिक आहे, पण ती आम्हांस सर्वस्वीं पटत नाहीं. भाऊबंदांशीं तंटा झाला तरी बाहेरचा दांडगा घरांत आणणार नाहीं, एवढा एक नकार जेथें प्रामाणिकपणें पाळला जातो तेथें बाकीचें पुष्कळसें कालांतरानें साधतें. तो पाळला गेला नाहीं ही गोष्ट निराळी.

तेथील मतदानाची रीतहि वाचकांनीं समजून घेण्यासारखी आहे. मनुष्य बैरूतेस जन्मला, वाढला, तेथेंच म्हातारा झाला तरी त्याचें मत त्याच्या वाडवडिलांच्या गांवीं. लग्न झालेल्या बाईचें मत नवऱ्याच्या गांवीं. त्यामुळें निवडणुकीच्या दिवशीं अर्धा देश गाड्यांत बसून डोंगर चढूं लागतो, आणि गाडीभाडें कोण देतो हें गांवांत सर्वांस ठाऊक असतें. त्याहून चमत्कारिक गोष्ट मतपत्रिकेची. २०१८ च्या निवडणुकीपर्यंत सरकारनें छापलेली मतपत्रिका त्या देशांत नव्हतीच. मतदारानें कोऱ्या कागदावर नांवें लिहावीं, किंवा पक्षाच्या माणसानें हातीं दिलेली छापील चिठ्ठी पेटींत टाकावी. चिठ्ठ्या मुद्दाम इतक्या लहान छापीत कीं एक नांव खोडून दुसरें लिहावयास जागा राहूं नये. अमक्या घराण्यास अमक्या अक्षरांची, तमक्यास नांवांच्या तमक्या क्रमाची, अशी तजवीज असे. पेटी उघडली म्हणजे कोणत्या घरानें शब्द पाळला आणि कोणी मोडला हें दलालास बसल्या जागीं कळे. एकाहि बंदुकीवांचून गुप्त मतदानाचें गुपित असें फोडतां येतें! मतदाराच्या मनांतलें भय बहुतांशीं ह्या चिठ्ठीचें असे. मुलाची नोकरी, आजाऱ्याचें इस्पितळ, शाळेची फी, ह्या सर्वांच्या किल्ल्या गांवच्या जईमाच्या, म्हणजे पिढीजात पुढाऱ्याच्या, कमरेस असत. भय हेंच जर सशस्त्र पक्षाच्या उमेदवारीवरील सर्व आक्षेपाचें मूळ मानलें, तर निःशस्त्र पक्षहि त्यांतून सुटत नाहींत.

परकीय पैशाचेंहि तसेंच. १९५७ च्या निवडणुकींत अध्यक्ष कामिल शमून ह्यांच्या बाजूच्या उमेदवारांसाठीं अमेरिकेच्या गुप्त खात्यानें पैसा ओतला. तो पोंचविणारा विल्बर क्रेन एव्हलंड ह्यानें पुढें १९८० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत, लेबनॉनी पौंडांनीं भरलेली पिशवी घेऊन आपण स्वतःच्या मोटारींतून अध्यक्षांच्या वाड्यावर कसे जात होतों, हें निःसंकोच सांगितलें आहे. विरुद्ध पक्षास मिसर व सीरिया ह्यांची फूस होतीच. साएब सलाम, कमाल जुंबलात ह्यांसारखे मातब्बर विरोधक त्या निवडणुकींत पडले. आतां ह्यांत नीतीच्या दृष्टीनें गुन्हा कोणता? लांच दिली हा एक खराच. पण लांच देशी पैशानेंहि देतां येते, आणि ती तेथें पिढ्यान्‌पिढ्या दिली जात होती. आमच्या मतें मोठें पाप त्यापुढचें आहे. शमून ह्यांस इतका दणदणीत जय मिळाला कीं, ज्यांस हरविलें त्यांच्याशीं बोलण्याची त्यांस गरज भासेना. आणि हरलेल्यांस सभागृहांत जागाच न राहिल्यामुळें ते रस्त्यावर आले. वर्षभरांत, मे १९५८ मध्यें, बंड झालें; १५ जुलैस अमेरिकन नौसैनिक बैरूतेच्या किनाऱ्यावर उतरले; आणि महिनाअखेर सेनापति फुआद शहाब अध्यक्ष निवडले गेले. पैशानें सुरू झालेला उद्योग आरमारानें पुरा करावा लागला.

१९७५ पासून पंधरा वर्षें चाललेल्या यादवी युद्धाची कथा आम्ही येथें सांगत बसत नाहीं. एलियास सर्किस ह्यांची १९७६ सालची निवड शहरांत गोळीबार चालू असतां सीरियाच्या पाठबळानें झाली. बशीर जमायेल ह्यांची १९८२ सालची निवड इस्रायलची फौज बैरूतेस वेढा घालून बसली असतां एका लष्करी बराकींत झाली, आणि अधिकारावर येण्यापूर्वींच त्यांचा खून झाला. १९७२ सालीं निवडलेलें कायदेमंडळ वीस वर्षें बसून राहिलें. १९९२ सालीं नवी निवडणूक झाली तेव्हां सीरियाचें सैन्य देशांत होतें, ख्रिस्त्यांनीं मोठ्या प्रमाणावर बहिष्कार घातला होता, आणि जुबैल येथील एक जागा अवघ्या ४१ मतांवर जिंकली गेली. असल्या प्रकारांस निवडणूक म्हणावें कीं नाहीं ह्याविषयीं वाद घालण्यांत अर्थ नाहीं.

वाद घालण्यासारखी गोष्ट पुढेंच आहे. १९८९ सालीं ताइफ येथें तह झाला. ख्रिस्ती आणि मुसलमान ह्यांचें प्रमाण समसमान झालें. १९९१ सालीं सर्व टोळ्यांनीं हत्यारें खालीं ठेवावीं असें ठरलें आणि बहुतेकांनीं तीं ठेविलीं. एका संघटनेस मात्र सूट मिळाली. ती शियांची हिजबुल्ला. दक्षिणेकडील पट्टा अद्याप इस्रायलच्या ताब्यांत होता, त्याविरुद्ध लढणारी ती टोळी नसून 'प्रतिकार' आहे असें मानण्यांत आलें. ह्या संघटनेची बाजू तुच्छतेनें उडवून लावणाऱ्यांत आम्ही नाहीं. दक्षिणेंतला शिया शेतकरी तंबाखू पिकवी आणि बैरूतेच्या लेखीं तो कोणीच नसे. १९७८ सालीं इस्रायलची फौज आली, १९८२ सालीं पुन्हा आली, आणि दोन्ही वेळां त्याच्या सरकारनें त्याचें रक्षण केलें नाहीं. २००० सालीं ती फौज परत गेली ती विनंतीअर्जानें गेली नाहीं, हें त्यानें डोळ्यांनीं पाहिलें. अशा मनुष्यानें ज्यांनीं आपलें शेत सोडविलें त्यांस मत दिलें, तर त्यास विकला गेलेला किंवा भ्यालेला म्हणणें म्हणजे दुसऱ्याच्या दुःखाविषयीं आळशीपणानें बोलणें होय.

मग ह्या मताला उणेपणा येतो तो कशानें? ह्याचें उत्तर आम्हांस मे २००८ मध्यें सांपडतें. त्या वेळीं मंत्रिमंडळांत बहुमत हिजबुल्लाच्या विरोधकांचें होतें. संघटनेनें स्वतःसाठीं उभारलेलें खासगी टेलिफोनचें जाळें बेकायदेशीर आहे असा ठराव त्या मंत्रिमंडळानें केला. ठराव शहाणपणाचा होता कीं नव्हता हा प्रश्न वेगळा. तो करण्याचा अधिकार त्यास होता. दोन दिवसांनीं, ७ मे रोजीं, जीं हत्यारें केवळ इस्रायलसाठीं आहेत असें सतरा वर्षें सांगितलें जात होतें तीं पश्चिम बैरूतच्या रस्त्यांवर फिरूं लागलीं. आठवड्याभरांत ठराव मागें घेतला गेला. मग सर्व पुढारी विमानानें कतारच्या दोहा शहरीं गेले, आणि २१ मे रोजीं तेथें असा तह झाला कीं, तीस मंत्र्यांपैकीं अकरा हिजबुल्लाच्या गटाचे असावे, म्हणजे कोणताहि मोठा ठराव त्यांच्यावांचून होऊं नये.

ह्यानंतर वर्षभरानें, ७ जून २००९ रोजीं, सार्वत्रिक निवडणूक झाली. परदेशांतले लेबनॉनी मतदार विमानें भरभरून आणले गेले. एका बाजूस सौदी अरबस्तानचा पैसा, दुसऱ्या बाजूस इराणचा, असें उघड बोललें जात होतें. हिजबुल्लाच्या गटास ५७ जागा मिळाल्या, विरोधकांस ७१. एकंदर मतें मोजलीं तर पराभूत गटासच अधिक पडलीं होतीं, तरीहि संघटनेचे मुख्य हसन नसरल्ला ह्यांनीं दुसऱ्याच दिवशीं निकाल खिलाडूपणें मान्य केला. ह्या उमदेपणाचें त्या वेळीं पुष्कळ कौतुक झालें. आम्हांस मात्र तें कौतुक ऐकून विषाद वाटतो. पांच महिने घासाघीस होऊन जें मंत्रिमंडळ बनलें त्यांत जिंकलेल्यांस पंधरा, हरलेल्यांस दहा आणि अध्यक्षांस पांच अशी वांटणी होऊन अडविण्याची शक्ति व्यवहारांत पूर्ववत् राहिली. प्रतिकाराचा हक्क सरकारी धोरणांत पुन्हा नमूद झाला. आणि जानेवारी २०११ मध्यें, मुख्य प्रधान साद हरीरी वॉशिंग्टनमध्यें अमेरिकन अध्यक्षांच्या भेटीस गेले असतां, ह्या गटाच्या मंत्र्यांनीं राजीनामे देऊन तें मंत्रिमंडळ पाडलें. हरूनहि ज्याचें कांहींच जात नाहीं त्यास खिलाडूपणा फार स्वस्त पडतो.

निवडणुकींत जो उभा राहतो तो मनांतल्या मनांत एक गोष्ट कबूल करून उभा राहतो: माझ्याविरुद्ध कौल पडला तर मी जें धरून आहें तें सोडीन. ह्या कबुलीवांचून उमेदवारीस अर्थ नाहीं. सशस्त्र पक्ष मंत्रिपद सोडील, जागा सोडील, पण ज्यामुळें त्याचा दरारा आहे तें शस्त्र तो पणास लावीतच नाहीं. प्रतिपक्ष घर गहाण ठेवून खेळावयास बसलेला, आणि हा गंमत म्हणून. त्यांत प्रतिपक्षावर अन्याय होतो हें कोणासहि दिसतें. आम्हांस त्याहून अधिक वाईट वाटतें तें ह्या पक्षाच्या स्वतःच्या मतदाराविषयीं. त्यानें मत दिलें काय, न दिलें काय, शस्त्र आहे तेथेंच राहणार. उद्यां तो रागावला, मुलगा परक्याच्या लढाईंत मेला म्हणून त्याचें मन विटलें, तर तें सांगण्यास त्याजवळ मताखेरीज कांहीं नाहीं; आणि त्या मतानें तर कांहींच हलत नाहीं. २०१८ सालीं दक्षिणेंत हिजबुल्लाविरुद्ध उभा राहिलेला एक शिया पत्रकार आपल्या गांवांत भित्तिपत्रकें लावीत असतां त्यास मारहाण झाली. २०२२ च्या निवडणुकींत ह्या गटाचें सभागृहांतील बहुमत गेलें, तरी शियांसाठीं राखलेल्या सत्तावीसच्या सत्तावीस जागा हिजबुल्ला आणि तिचा जोडीदार पक्ष अमल ह्यांसच मिळाल्या. एवढें एकमत पाहून आम्हांस भक्तीपेक्षां निरुपायच अधिक दिसतो.

येथें परकीयाचा प्रश्न पुन्हा आला. संघटनेचा खर्च, पगार, हत्यारें, सर्व कांहीं इराणकडून येतें असें नसरल्ला ह्यांनीं जून २०१६ मध्यें जाहीर भाषणांतच सांगितलें होतें. आणि तें लपविण्यासारखें आहे असें त्यांस वाटलें नाहीं, हें विशेष. ज्या पक्षास वर्गणी आपल्याच गांवांतून गोळा करावयाची असते त्यास गांवाचें ऐकावें लागतें. ज्याची वर्गणी सीमेपलीकडून येते त्यास तें ऐकण्याचें कारण राहत नाहीं. विरुद्ध पक्षाचीहि हीच कथा. नोव्हेंबर २०१७ मध्यें लेबनॉनच्या मुख्य प्रधानानें आपला राजीनामा वाचून दाखविला तो रियादहून, सौदी दूरचित्रवाणीवर, आणि पुढच्याच महिन्यांत तो परत घेतला. आपला आश्रयदाता तो मित्र, दुसऱ्याचा तो हस्तक्षेप करणारा परका, ही भाषा त्या देशांत सर्वांच्याच तोंडीं आहे. ती ऐकून आमच्या लोकांनीं हंसूं नये. १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावानें वसईस इंग्रजांशीं तह केला तो होळकरांच्या धाकानें. त्या तहानें पुण्याची गादी त्यास परत मिळाली खरी, पण त्या दिवसापासून शिंद्यांशीं, होळकरांशीं, भोसल्यांशीं समजुतीनें वागण्याची गरज त्याच्या दृष्टीनें संपली. मुलूख पुढें गेला. भाऊबंदांची गरज त्याच्या आधींच गेली होती.

ह्यावर दक्षिणेंतला शेतकरी आम्हांस विचारील, "तुमचा न्याय ठीक आहे, पण हत्यार मी आधीं टाकूं कीं माझें रक्षण करणारें सरकार आधीं उभें राहूं दे?" ह्या प्रश्नास तोंड न देतां नीतीचा उपदेश करणें सोपें आहे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, राखणदार पाहिजे असेल तर गांवानें तो ठेवावा, त्याचा पगार गांवानें द्यावा, आणि त्यानें पंचांत बसूं नये. राखणदारहि मीच, पंचहि मीच, आणि पगार मात्र पलीकडच्या गांवचा, हें तिहेरी नातें कोणत्याहि पंचायतीस झेपणारें नाहीं. हत्यार आधीं कीं सरकार आधीं ह्याचा निकाल ह्यानें लागत नाहीं हें आम्ही जाणतों. परंतु जोंपर्यंत तो लागत नाहीं तोंपर्यंत सशस्त्र पक्षानें आपल्या मतांचे आंकडे पुढें करून आपल्या शस्त्रास लोकांची संमति आहे असें म्हणूं नये, एवढें तर आज सांगतां येतें; कारण ती संमति त्यानें मागितलेलीच नाहीं.

२०२४ च्या शरदांत हें सर्व बदललें, आणि तें मतानें बदललें नाहीं. इस्रायलच्या हल्ल्यांत नसरल्ला मारले गेले, दक्षिणेंतलीं गांवेंच्या गांवें उद्ध्वस्त झालीं, डिसेंबरांत सीरियांतली असद ह्यांची राजवट कोसळून इराणकडून येणारी खुष्कीची वाट बंद झाली. लेबनॉनला दोन वर्षांहून अधिक काळ अध्यक्ष नव्हता. आतां अमेरिका, फ्रान्स आणि सौदी अरबस्तान ह्यांच्या दूतांच्या खेपा सुरू झाल्या आणि सेनापति जोसेफ औन ह्यांचें नांव सर्वांच्या तोंडीं आलें. आमच्या कांहीं उदारमतवादी मित्रांस ह्याचा फार आनंद झाला. एका परकीयाची पकड सुटली ती दुसऱ्या परकीयांच्या विमानांनीं, आणि रिकामी जागा भरली ती तिसऱ्यांच्या दूतांनीं, ह्यांत निवडणुकीचा विजय कोठें आहे हें आम्हांस कळलें नाहीं. पुढें ऑगस्ट २०२५ मध्यें, सर्व शस्त्र सरकारच्याच हातीं आणण्याची योजना करण्यास मंत्रिमंडळानें सैन्यास सांगितलें, तेव्हां त्या दूतांचें दडपण किती आणि स्वतःचा निश्चय किती ह्याचा हिशेब करणें कठीणच होतें.

तथापि ९ जानेवारी २०२५ च्या त्या सभेंतली एक गोष्ट आमच्या मनांतून जात नाहीं. पहिल्या फेरींत औन ह्यांस ७१ मतें पडलीं. पाहिजे होतीं ८६. हिजबुल्ला आणि अमल ह्यांच्या सभासदांनीं आपलीं मतें राखून ठेविलीं होतीं. सभापतींनीं दोन तासांची सुट्टी दिली. त्या दोन तासांत ह्या दोन पक्षांचे प्रतिनिधि औन ह्यांस जाऊन भेटले. काय मागितलें, काय कबूल झालें, ह्याविषयीं तर्क पुष्कळ झाले. दुपारीं दुसरी फेरी झाली आणि औन ह्यांस ९९ मतें पडलीं. बाहेरच्या दूतांनीं घडवून आणलेल्या त्या दिवशीं, हत्यार अद्याप हातांत असलेला पण पाठीराखा गमावलेला एक पक्ष, आपल्याच देशांतल्या एका मनुष्याकडे आपलें म्हणणें घेऊन चालत गेला होता.